पकडून आणलेलं जहाज

शारजात आमच्या बिल्डिंगमधली मराठी कुटुंबं दर दिवाळीला पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करतात. नर्सरीतली माती, वर पेरलेले अळीव. गेल्या वर्षी जलदुर्ग ठरला, म्हणून भोवती निळ्या रांगोळीचा समुद्र घातला. त्यात उभं करायला बाबांनी हौसेने जहाजाचं लाकडी किट ऑनलाइन मागवलं. ऑफिसातून आल्यावर मी ते थोडं थोडं जोडत गेले. डोलकाठ्यांना दोरे बांधताना बोटं दुखायची, पण इतकं सुबक काही माझ्या हातून आधी झालं नव्हतं.

खाली नेलं, तर दुसऱ्या मजल्यावरचे काका, म्हणजे आमचे किल्लेदार, बघतच राहिले. "अगं, ही इंग्रजांची युद्धनौका! मागे त्यांचं निशाणही आहे. किल्ल्यावर हल्ला करतेस की काय?"

सगळे हसले, बाबासुद्धा.

"खलास. ते ठेव घरी. थर्माकोलची होडी करू," काकांनी निकाल दिला.

चारचौघांत मराठी बोलायचं म्हणजे माझं वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार होतं. एरवी मी मुकाट्याने लिफ्टकडे गेले असते. पण ते जहाज मला परत न्यायचं नव्हतं.

"काका, हे आपण पकडलंय."

"कधी? आत्ता लिफ्टमध्ये?"

मग सांगावंच लागलं. मराठ्यांच्या आरमाराने कोकणच्या समुद्रात इंग्रजांची जहाजं धरली होती, हे मी वाचलं होतं. हे त्यातलंच एक, असं मी ठरवून टाकलं. लढाईत डोलकाठी मोडली. खाडीत ओढून आणलं, सुतारांनी नवी बसवली. मग आपले खलाशी चढले आणि ते जुन्या सोबत्यांच्याच मागे लागलं.

"सो इट चेंज्ड टीम्स?" शेजारच्या चौथीतल्या मुलीने विचारलं.

"हो. बरीच वर्षं. शेवटी बंदरात जळालं."

"नो! तो पार्ट नको."

"नको तर नको," काका म्हणाले आणि तटावरचा सगळ्यात लहान भगवा उपटून त्यांनी माझ्या हातात दिला. "यल्ला, चल, चढव. ते निशाण काढ आधी."

"राहू दे ना काका, भगव्याच्या खाली. त्याशिवाय पकडलेलं कसं कळणार?"

काकांनी बाबांकडे पाहिलं. "ही घरी पण अशीच वाद घालते?"

"छे! घरी बोलतच नाही."

मी भगवा बांधला. काकांनी बुरुजाजवळच्या दोन पणत्या सरकवून जागा केली. "तोंड समुद्राकडे कर. आता तिकडून येतील त्यांना अडवायचंय."