वकिलाची टॅक्सी

गोवा राज्य झालं त्या वर्षी आम्ही धारगळची काजूची बागायत कोर्टात जिंकली आणि त्याच वर्षी गमावली. बाबांचा चुलतभाऊ ती आपली म्हणत होता, म्हणून म्हापशाच्या कोर्टात दावा चालला होता. तो निदान उघडपणे मागत होता, एवढं तरी त्याच्या बाजूनं म्हटलं पाहिजे.

वकील बाबांनी निवडला तो कायदा बघून नव्हे, भाषण ऐकून. कोकणी की मराठी हा वाद तेव्हा पेटलेला. आम्ही धारगळचे, म्हणजे पेडणे तालुक्यातले लोक घरात बोलायचो आपल्या बोलीत, पण लिहायचं, भजन म्हणायचं आणि भांडायचं ते मराठीत. पणजीचे हे वकील मराठीच्या सभेत असे काही बोलले की बाबांनी घरी येऊन जाहीर केलं, "मनीस आपलो आसा." आता आपल्या माणसाकडे पावती कशी मागायची? दर तारखेला बाबा रोख पैसे द्यायचे, वर पिशवीभर नारळ. दोतोराला, म्हणजे डॉक्टरला, आणि वकिलाला हिशेब विचारू नये, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मला त्याचा तेव्हाही संताप यायचा.

निकालानंतर बिल आलं. मराठीसाठी घसा फोडणाऱ्या वकिलांनी ते इंग्रजीत टाईप करून पाठवलं होतं. मी तेव्हा कारापूरच्या शाळेत शिकवत होते. शनिवारी घरी आले, तर बाबांनी ते माझ्या हातात दिलं. "सगळा वाच. मराठीत सांग."

मी एकेक ओळ वाचून सांगू लागले. बाबांनी दिलेले पैसे त्यात कुठेच वजा नव्हते. मग एक तारीख आली: कोर्टात हजेरी, पणजी ते म्हापसा टॅक्सी, जाऊन येऊन.

"तो दीस परत वाच," बाबा म्हणाले.

तो भाषेच्या आंदोलनातला दिवस होता. झाडं तोडून रस्त्यांवर आडवी टाकलेली, बस बंद. तारीख चुकली तर बागायत जाईल या धास्तीनं बाबा धारगळहून म्हापशाला चालत गेले होते. कोर्टाला कुलूप. दुपारपर्यंत फाटकाशी बसून ते चालतच परत आले. आईनं त्यांचे पाय गरम पाण्यात धरले, तेव्हाही ते म्हणत होते, "वकील बिचारो खंय अडकलो आसतलो."

सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघं पणजीला गेलो. बाबांनी नारळांची पिशवी घेतलीच. ती कशाला, विचारलं तर म्हणाले, "रित्या हातान कसा जावचा?"

वकील हसले. "कारकुनाची चूक," असं म्हणत त्यांनी ती ओळ लाल पेनानं खोडली. मी रोख दिलेल्या पैशांचं विचारलं. "पावत्या दाखवा, आत्ता वजा करतो," ते त्याच सभेतल्या शुद्ध मराठीत म्हणाले. "आणि बागायतीचे मूळ कागद माझ्याकडे सुखरूप आहेत. बिल भागलं की घेऊन जा." माझ्या तोंडाशी शिवी आली होती. बाबांनी माझा हात धरला, पिशवी टेबलाशी ठेवली आणि ते उठले.

तक्रार करा, असं शाळेत सगळे सांगत होते. पण पोर्तुगीज काळातले ते कागद वकिलाच्या कपाटात. उद्या हरवले म्हणाला असता, तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघणार होतो?

बागायत विकल्याशिवाय बिल भागणार नव्हतं, आणि भांडणातली जमीन कुणी घेईना. शेवटी चुलतभावानंच घेतली, पडत्या भावात. बिलापुरता विसार हातात देताना तो खिजवत नव्हता, उलट खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, हीच आदी माका दिली आसतस, तर दोगांकय वकील लागलो नसतो."

बाबांनी विसार मोजून घेतला. दुसऱ्या दिवशी ते एकटेच पणजीला गेले, पैसे भरले, कागद सोडवले आणि आयुष्यात पहिल्यांदा वकिलाकडून पावती मागून आणली. ती त्यांनी मला वाचायला दिली नाही.