थांबण्याचा हुकूम

नौदलातली कानांची शेवटची चाचणी मी फसवून पास झालो. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मला आवाज यायचाच नाही. मी काचेपलीकडच्या सहाय्यकाचा हात बघत बसलो. त्याचं बोट त्याच्या यंत्राच्या कळीवर टेकलं की मी बटण दाबायचो. नापास झालो असतो तर तोफेवरून उचलून भांडारात टाकलं असतं.

आता सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कॉलेजात मला युद्धनौकांच्या तोफांवर बोलायला बोलावतात. मी सांगतो, शिडाच्या जहाजांवर तोफ उडाली की मागं धावायची, मग माणसं ती दोरांनी ओढून जागेवर आणायची. आमच्या वेळी नेम यंत्र सांगायचं, पण गोळा हातानंच भरायचा. माणसं दमली की माऱ्याचा वेग उतरायचा. आता तोफेपाशी माणूसच नसतो. खाली पडद्यासमोर एक जण बसतो, तोफ आपली आपण भरते आणि थांब म्हटलं की थांबते. एवढं बोलून मी पाणी पितो. माझ्या तोफेचं सांगत नाही.

त्या चाचणीनंतरच्या एका सरावाला तोफ उडवायचं पेडल माझ्या पायाखाली होतं. गोळे भरणारा आमच्या सोलापूरजवळच्या होटगीचा, माझ्याच बरोबर भरती झालेला. लक्ष्याजवळ मच्छीमारांची होडी आली म्हणून हेडफोनवर थांबण्याचा हुकूम आला. तो त्यानं ऐकला आणि तोफेमागं पडलेलं रिकामं काडतूस उचलायला वाकला. मी ऐकला नाही. पेडल दाबलं. तोफ मागं आली आणि त्याचा उजवा हात चिरडला.

चौकशीत मला विचारलं, हुकूम कधी आला? "गोळा सुटल्यावर, सर," मी म्हणालो. खरं तर मी तो ऐकलाच नव्हता. हुकूम देणाऱ्यालाही नेमका क्षण सांगता येईना. कागदावर आलं, भरणाऱ्यानं हुकमाआधीच जागा सोडली.

गेल्या महिन्यात होटगीला गेलो होतो. डाव्या हातानं कप पुढं करत तो म्हणाला, "तू का तोंड पाडून बसलास लेका? हात माझा गेलाय की."

"तुला त्या दिवशी हुकूम ऐकू आला होता?"

"आल्यागत वाटला. पण तवा आलाच नव्हता म्हणं. माझं कानच लबाड."

त्याची बायको आतून म्हणाली, "भावजी, म्हणून तर कायबी सांगा, तीनदा इचारत्यात. फाटकावर गाडीची शिटी झाली तरी मलाच इचारत्यात, खरंच वाजली का."

"तुझा आवाज तेवढा लई नीट येतो," तो म्हणाला. तिघंही हसलो. चहा संपवून मी सोलापूरला परत आलो.

हुकूम ऐकल्याशिवाय तो वाकणारा माणूस नव्हता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याचे कान ठीक होते, माझे गेले होते, आणि मी खोटं बोललो. हे त्याच्या बायकोसमोर त्याला सांगायचं आणि तसं लिहून, सही करून त्याच्या हाती द्यायचं, एवढं माझ्याकडून अजून व्हायचं आहे.