हवेच्या गप्पा

उंदरांच्या डोक्यात काय चाललंय हे पाहण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला सख्ख्या बापाच्या डोक्यातलं कळू नये, याला काय म्हणायचं? तोइवो कल्लिओला हे शल्य जन्मभर पुरलं.

बर्कलीच्या विद्यापीठात, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो उंदीर सांभाळायचा. पिंजरे साफ करायचे, एकेक उंदीर लाकडी भुलभुलैयात सोडायचा आणि तो कुठल्या वळणावर चुकतो ते टिपायचं. खाडीकाठच्या फिनिश वस्तीत वाढलेल्या, शाळा अर्धवट सोडलेल्या पोराला ही नोकरी म्हणजे लॉटरीच. आई गेल्यावर बाप यालमारी त्याच्याकडे राहायला आला. साबणाच्या कारखान्यात हयात घालवलेला अबोल म्हातारा. साखरेचा खडा दातात धरून बशीतून कॉफी भुरकायचा. फिनिशशिवाय दुसरी भाषा त्याच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती.

सून वर्ना अमेरिकन. तिनं आधी खाणाखुणा करून पाहिल्या, मग कंटाळली. घर इवलंसं, त्यात मूल होऊ घातलेलं. शेवटी म्हाताऱ्याला सरकारी वृद्धाश्रमात ठेवायची बोलणी सुरू झाली, आणि तीही कुठे, तर जेवणाच्या टेबलावर, त्याच्या तोंडासमोर, इंग्रजीत! बटाटे वाढता वाढता वर्ना त्याच्या भुरकण्याला नावं ठेवायची. तोइवो हसायचा. एकदा तर तोच म्हणाला, "त्यांना कुठंही ठेव, काय फरक पडणार आहे?" म्हाताऱ्यानं मान वर केली की हा फिनिशमध्ये सांगायचा, "काही नाही बाबा, हवेबद्दल बोलतोय."

त्याच दिवसांत प्रयोगशाळेत एक गंमत झाली. उंदरांच्या एका गटाला भुलभुलैयाच्या टोकाला खायला काहीच ठेवत नसत. ते आपले इकडेतिकडे हुंगत फिरायचे. मदतनीस त्यांना रिकामटेकडे म्हणत. मग एके दिवशी टोकाला खाणं ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते ढ समजलेले उंदीर एकही वळण न चुकता सुसाट पोचले. प्रोफेसर म्हणाले, फिरता फिरता सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात उतरला होता, फक्त दाखवायला कारण नव्हतं. तोइवोनं ही हकीकत घरी वर्नाला रंगवून सांगितली. म्हातारा समोरच बसून पावाला लोणी लावत होता.

वृद्धाश्रमाचा शनिवार ठरला. त्याआधीच एका दुपारी पिंजऱ्यांच्या खोलीत फोन वाजला. पलीकडचा माणूस स्वच्छ इंग्रजीत, सावकाश बोलत होता. "तुझी बायको पडदे लावताना स्टुलावरून पडली. डॉक्टर येऊन गेले. पायाचं हाड मोडलंय. बाळ ठीक आहे. तू ये."

"कोण बोलतंय?"

"तुझा बाप."

तोइवो घरी पोचला तेव्हा वर्ना पलंगावर रडत होती आणि म्हातारा तिला सूप पाजत होता. तोइवोची मान वर होईना. हे इंग्रजी कधीपासून येतं, त्यानं कसंबसं विचारलं.

"कारखान्यात होतो ना इतकी वर्षं. कानावर पडायचं, आत राहायचं."

"मग बोलला का नाही कधी?"

"मला कुणी काही विचारलं होतं का?" यालमारी शांतपणे म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तोइवोला पुढं हजारदा वाटलं.

त्यानं बापाचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवलं. वर्नानंही हात जोडून राहा म्हटलं. पण शनिवारी सकाळी म्हातारा पेटी घेऊन दारात उभा. कुठली बस धरायची, कुठं उतरायचं, सगळं त्याला ठाऊक होतं. ही सगळी चर्चा त्याच्यासमोरच तर झाली होती.

मग दर रविवारी तोइवो वृद्धाश्रमात जायचा. मुलगा झाला, जरा मोठा झाला, तसा त्यालाही घेऊन जाऊ लागला. लांबून दिसायचं, म्हातारा चारचौघांत बसून इंग्रजीत मस्त टवाळक्या करतोय, सगळे खो खो हसताहेत. नातवालाही तो मांडीवर घेऊन इंग्रजीत गोष्टी सांगायचा. तोइवो जवळ जाऊन बसला की मात्र गप्प व्हायचा. तोइवो विचारायचा, "बाबा, काय गप्पा चालल्या होत्या?"

"काही नाही," म्हातारा फिनिशमध्ये म्हणायचा. "हवेबद्दल बोलत होतो."