पट्टीवर दिलेला शेक

मायच्या कमरेच्या हाडात कॅन्सर उतरला होता. दुखण्याच्या गोळ्या पोटात टिकत नव्हत्या, म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी पाठीवर चिकटवायची औषधाची पट्टी दिली. सुई नाही, नळी नाही. अंगाच्या उबेवरच औषध हळूहळू कातडीतून आत जातं, तीन दिवसांनी बदलायची, असं त्यांनी समजावलं. आणखीही काही सांगितलं असेल. माझ्या लक्षात उबेचं तेवढं राहिलं.

आलापल्लीजवळच्या आमच्या गावात त्या जानेवारीत भर दुपारीही माय कुडकुडत होती. दुखणं चढलं होतं. पाठ शेकून दे म्हणाली. मी चुलीत वीट तापवली, जुन्या लुगड्यात गुंडाळून तिच्या पाठीला लावली, वरून गोधडी घातली. ऊब वाढली की औषधही चांगलं लागेल, असं मला वाटलं.

"आता बरं वाटून राह्यलं, बाई," ती म्हणाली. वीट निवली तशी मी दुसरी लावली आणि अंगणात तांदूळ निवडत बसले.

आत आले तेव्हा ती घोरत होती. मग घोरणं थांबलं. मी उभीच राहिले. बऱ्याच वेळानं एक खरखरीत श्वास आला. ओठ निळे पडले होते. गालावर चापट्या मारल्या, तर डोळे अर्धवट उघडले आणि मिटले. मी बाहेर धावले.

दोन घरं सोडून राहणाऱ्या, गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईला हाक मारली. तिनं गोधडी काढून पाठीला हात लावला.

"पट्टीवर शेक देल्ला का?"

मी मान हलवली. तिनं पट्टी ओढून काढली, जागा ओल्या फडक्यानं पुसली आणि डॉक्टरांना फोन लावला. शेकानं औषध एकदम जास्त आत गेलंय, पट्टी निघाली तरी कातडीखाली साचलेलं औषध अंगात जातच राहील, असं ते म्हणाले.

शेजारच्या जीपमधून दवाखान्यात नेईपर्यंत दर वेळी श्वास थांबला की मी तिच्या कानाशी ओरडत होते, "माय, श्वास घे." ती घ्यायची. एका वेळी सांगूनही घेतला नाही. दोनदा सांगावं लागलं.

पट्टीच्या औषधाचा असर मोडणारं इंजेक्शन दिल्यावर ती कळवळून ओरडली. दुखणं सगळं परत आलं होतं. त्या ओरडण्यानं मला रडू फुटलं. इंजेक्शनचा असर उतरला की ती पुन्हा पेंगायची, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत तिथंच ठेवली.

शुद्धीवर आल्यावर मी तिला खरं सांगितलं, शेकानंच असं झालं, मीच केलं.

"मीच तं म्हटलं होतं तुले," ती म्हणाली आणि पाणी मागितलं.

चैत्रात मोहफुलं पडेपर्यंत ती होती. पट्टी चालूच होती. टिनाचं छप्पर तापायला लागलं की मी तिला अंगणात सावलीत आणायची आणि घटकेघटकेला तिच्या नाकाशी हात धरायची.

"जिती हाओ ना मी," ती वैतागून म्हणायची. "झोपू दे मले."

मी हात काढायची, पण तिथून उठायची नाही.