दुपारी चूल विझवणारं रोप

मंडळी, सांगतेय मी, टाइप करतेय माझी नात मेघा.

तिने अभ्यासासाठी थंड डोंगरातली तीन दुर्मीळ सूचिपर्णी रोपं आणली. दोन वाळली. उरलेलं एक दारातल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, भर उन्हात ठेवलं होतं. पानाला यंत्राचा चिमटा लावला की कळतं, सकाळी रोप उजेडावर छान अन्न शिजवतं आणि दुपारी चूल बंद! आज पोर रडकुंडीला आली.

"शिकलेल्या बायो, ह्या उन्हात तू तरी जेवतस?" म्हणत, आम्ही सुपारीच्या रोपांना करतो तसा मी झावळ्यांचा आडोसा केला.

"आजी, उजेडाशिवाय ता उपाशी मरतला!"

"उजेड आसा गो, भाजणारा ऊन तेवढा अडवलंय."

तासाभराने चिमटा लावला, तर चूल पेटलेली! यंत्र बिघडलं की काय म्हणून मेघाने तीनदा तपासलं.

या रोपाला अजून अख्खा मे काढायचाय. तुम्ही कोवळी रोपं दुपारची कशी जपता?