सासूबाईंसाठी पाहिलेलं

सासरे गेल्यावर सासूबाई पुण्याहून आमच्याकडे दिल्लीला, मयूर विहारमध्ये आल्या आणि हळूहळू इथल्याच झाल्या. खालच्या बागेत त्यांच्या मैत्रिणी जमल्या. भाजीवाल्याशी त्या मराठी वळणाच्या हिंदीत हुज्जत घालू लागल्या. सकाळची पूजा मात्र पुण्याच्या घरी करत तशीच, निवांत.

मग एकदा त्यांना वर्तमानपत्रातल्या ओळी वाकड्या दिसू लागल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेकडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे रोखून पाहाल नेमकं तेच दिसणार नाही. यावर फारसा इलाजही नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या पूजेला बसल्या. आंघोळ घातलेला बाळकृष्ण हातात धरून म्हणाल्या, "याचं तोंड दिसत नाही गं आता." मला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी बोटाने मूर्तीचं कपाळ चाचपलं, गंध लावलं आणि पुढची मूर्ती हातात घेतली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर त्या चहा पीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आज काय दिसलं?"

"कुठे?"

"रस्त्यात, मेट्रोत. माझं बघणं आता तुझ्यावर आलं. सांग."

मी आठवून पाहिलं. माझं ऑफिस यमुनेपलीकडे, बाराखंबाला. रोज जाता-येता मी फोनमध्ये डोकं घालून बसे. "गर्दी होती," एवढंच मला सांगता आलं.

"गर्दीत कोण होतं?"

ते काही मला सांगता येईना. त्यांनी राग धरला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तेच विचारलं आणि तिसऱ्या दिवशीही. शेवटी त्यांना सांगायला काहीतरी असावं म्हणून मी फोन पर्समध्ये ठेवून आजूबाजूला पाहू लागले.

पहिली नीट सांगितलेली गोष्ट अजून आठवते. डब्यात एक मुलगी साडी नेसून उभी होती. बहुधा इंटरव्ह्यूला निघाली असावी, कारण फाइल छातीशी धरून ती पुटपुटत होती. साडीची सवय नसावी. गर्दीत कुणाचा तरी पाय पडला आणि तिच्या निऱ्या सुटल्या. ती रडकुंडीला आली. समोर बसलेली करड्या चेहऱ्याची एक बाई उठली, सरळ डब्याच्या फरशीवर गुडघे टेकून बसली आणि एकेक निरी बसवू लागली. तिचं स्टेशन आलं आणि गेलं. बाजूच्या कुणीतरी विचारलंही, "आप को उतरना नहीं था?" तोंडात पिन धरूनच तिने मान हलवली, हातातलं काम काही सोडलं नाही.

माझं सांगून झालं तेव्हा सासूबाईंनी हात जोडले.

"नमस्कार कुणाला?" मी विचारलं.

"त्या बाईला. म्हणजे त्यालाच."

"देवाला? आई, ऑफिसला जाणारी बाई होती ती."

"असेल ना. तिला कुठे ठाऊक असणार?"

मला हसू आलं. त्याही हसल्या, पण जोडलेले हात जरा वेळ तसेच होते.

त्या काही उठसूट हात जोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. यमुनेवरचा लालभडक सूर्यास्त मी रंगवून सांगितला, तर "छान" म्हणून चहा प्यायल्या. एका माणसाने पुलाखालच्या लोकांना ब्लँकेटं वाटल्याचं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "फोटो काढून झाल्यावर थांबला का तो?"

"नाही थांबला."

"अच्छा," म्हणाल्या. तेवढ्या एका शब्दात त्या माणसाचा निकाल लागला. पण मेट्रोच्या जिन्यावर धाप लागलेल्या आजोबांच्या मागे, त्यांना कळणारही नाही अशा बेताने, पायरी-पायरीने चढणारी तरुण मुलगी मी सांगितली, तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवून हात जोडले. मला त्यांचं फार नवल वाटे. ज्यांना समोरच्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं, त्या मला बघायला शिकवत होत्या.

मग जानेवारीत एका पहाटे माझ्या भावाचा पुण्याहून फोन आला. बाबांना हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, तब्येत गंभीर होती. मिळेल त्या विमानाचं तिकीट काढून मी विमानतळावर पोचले. बाहेर धुकं असं की काचेपलीकडचं विमान दिसेना. उड्डाण आधी लांबलं, मग पुन्हा लांबलं. माझ्या समोरच एक आडदांड माणूस काउंटरवरच्या मुलीवर ओरडत होता. बोली हरियाणवी, आवाज सगळ्या हॉलभर. त्याची कसलीशी मीटिंग चुकणार होती. मला त्याचा मनस्वी राग आला.

दुपारी भावाचा पुन्हा फोन आला. बाबा गेले होते. मग त्याने चाचरत विचारलं, "ताई, कुठवर थांबू? आईला सोसत नाहीये गं."

"थांबू नका," मी म्हणाले. "मला फोनवर दाखव."

वैकुंठ स्मशानभूमीतून त्याने व्हिडिओ कॉल लावला. बाबांचा चेहरा पडद्यावर आला आणि माझा हात असा कापू लागला की काहीच दिसेना. तेवढ्यात कुणीतरी फोन माझ्या हातातून अलगद घेतला. तो मघाचा ओरडणारा माणूस होता.

"लाओ बहनजी, मैं पकड़ता हूँ. पिताजी हैं?"

मी मान हलवली. तो माझ्या पुढ्यात उकिडवा बसला, फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि स्वतः तोंड फिरवून घेतलं. आमच्या घरचं दुःख त्याने पाहिलं नाही, मला मात्र पाहू दिलं. आजूबाजूची माणसं एकेक करून उभी राहिली. काउंटरवरची ती मुलगीही उभी राहिली. सगळं आटोपेपर्यंत कुणी खाली बसलं नाही. मग त्याने फोन माझ्या ओंजळीत ठेवला आणि चहा आणायला गेला.

पुण्यात दिवसपाणी उरकून मी दिल्लीला परतले. सासूबाईंनी मला जवळ घेतलं, पण रोजचा प्रश्न विचारला नाही. कित्येक दिवस विचारला नाही. शेवटी मीच त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि विमानतळावरचं सगळं सांगितलं. सांगता सांगता मनात साठलेलंही बाहेर आलं. "धुकं जरा उठलं असतं तर मी पोचले असते, आई. तुमच्या देवाला तेवढंही जमलं नाही?"

त्या म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मीही विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही." मग त्यांनी विचारलं, "तेवढा वेळ फोन धरून त्या माणसाचा हात भरून आला असेल ना गं?"

मला ते आठवलं. "आला होता. मध्ये एकदा त्याने हात बदलला. फोन हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने आधी आधार दिला, मग बदलला."

हे बोलले आणि मला रडू फुटलं. बाबा गेल्यापासून मी अशी रडले नव्हते. सासूबाईंनी हात जोडले. माझेही हात जोडले गेले. कुणी सांगितलं नव्हतं. राग पुरता गेला असंही नाही. पण ज्या दिवशी देवाने माझ्याकडे पाठ फिरवली असं मी म्हणत होते, त्याच दिवशी तो माझ्यासमोर उकिडवा बसला होता, हे मला नाकारता येईना.

फेब्रुवारीत मी माझ्या आईला काही दिवस दिल्लीला आणलं. तिचं बोलणं जवळजवळ थांबलंच होतं. सासूबाईंनी तिची समजूत घातली नाही. बाल्कनीत उन्हाला चटई टाकून मटारच्या शेंगांची परात दोघींच्या मध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "विहीणबाई, जरा हात लावा. मला दाणे किडके आहेत का चांगले, ते दिसत नाही."

त्या दुपारी मी घरीच होते. शेंगा फुटल्याचे आवाज येत होते. बऱ्याच वेळाने आईचा आवाज आला. बाबा भाजी निवडायला बसले की अर्धे मटार तोंडातच टाकत, असं ती सांगत होती. सासूबाई काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही. पण आई हसली. मी दारापर्यंत गेले, त्यांना हाक न मारता तिथेच उभी राहिले आणि बघत राहिले.