‘नामंजूर’ची तालीम

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला मला इंटर्नशिपसाठी नेकनूरच्या पलीकडचं एक गाव मिळालं आणि विषय मिळाला ज्येष्ठांचे प्रश्न. कॉलेजच्या भाषेत माझं काम होतं पाठपुरावा आणि संवाद. म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या अडचणी ऐकायच्या, पेपरला बातमी द्यायची, साहेबलोकांच्या कानावर घालायच्या. बीडच्या पोरीला एवढं जमायला काय झालं, असं म्हणून मी नवी कोरी फाइल काखेत मारून एसटीत चढले. माझा हा तोरा पहिल्याच आठवड्यात उतरला.

ते दुष्काळाचं साल होतं. दिवाळी झाल्यावर गावातली धट्टीकट्टी माणसं ऊसतोडीला गेली होती. मागं उरले होते म्हातारे, शेळ्या आणि मी. गावाला पाणी मिळायचं ते शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या ट्रॅक्टरच्या टँकरनं, आणि तो टँकर थांबायचा सोसायटीच्या गोदामापाशी. गोदामाला लागूनच चेअरमनचं घर. बौद्ध वस्ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथल्या म्हाताऱ्यांनी घागर घेऊन तिथवर जायचं कसं, हा प्रश्न सोसायटीत कुणाला कधी पडला नव्हता.

वस्तीतल्या एका आजीच्या ओसरीत मी बसायचे. आजीचा खुबा मोडून जुळलेला, चाल काठीची आणि जीभ धारेची. मी गेले त्याच्या आदल्याच आठवड्यात ती पाण्याचा कॅन घेऊन गोदामापाशी घसरून पडली होती. ती बातमी उसाच्या फडावर लेकाला कळली. त्यानं फोनवर सांगितलं, पुढच्या सोमवारी मुकादमाचा ट्रक गावाकडं येतोय, त्यात बसून तू इकडं ये. म्हणजे पाचटाच्या कोपीत, उसाच्या पाल्याच्या झोपडीत राहायला.

“पाणी दारात आलं तर मी हितंच ऱ्हाईन,” आजी मला म्हणाली. “न्हाई आलं तर त्यो मला उचलून नेणार. फडावर मरायचं का मी, बाई? माझं घर हाय की हितं.”

हे ऐकून मला लई राग आला. त्या रागाच्या भरात मी दोन पानी प्रेस नोट लिहिली. तालुक्याच्या वार्ताहरानं ती वाचली आणि विचारलं, “यात पाणी कुठं हाय?” मी पहिलं पान वार्धक्यावर खर्च केलं होतं. त्यानं दुसऱ्या पानातल्या चार ओळी छापल्या. त्या कुणीही वाचल्या नाहीत.

मग कळलं की शनिवारी सोसायटीची सभा आहे आणि टँकरचं पाणी यापुढं गोदामापाशीच वाटायचं असा ठराव येणार आहे. आणखी एक गोष्ट कळली, ती ऐकून मी ओसरीवरच टाळी वाजवली. सभेला कोरम लागतो. तरणे सभासद फडावर. म्हणजे कोरम भरायचा तो म्हाताऱ्यांनी. वस्तीतले नऊ म्हातारे जुने सभासद होते, आजी तिच्या मालकाच्या जागी. चेअरमन दरवेळी त्यांना जीपमधून नेत असे.

“मग तुम्ही सभेत काय करता?” मी विचारलं.

“मंजूर म्हणतो,” आजी म्हणाली. “सचिव वाचतो, आमी मंजूर म्हणतो. मग च्या येतो आन् चिवडा येतो.”

“आणि पटलं नाही तर?”

“तरीबी मंजूर. न्हाईतर चिवडा लांबतो.”

तेव्हा मी ठरवलं की यांना नामंजूर म्हणायला शिकवायचं. लिंबाच्या पारावर तीन दिवस तालीम घेतली. मी सचिव होऊन वहीतून वाचायचे, त्यांनी ओरडायचं. पहिल्या दिवशी मी वाचलं, “विषय क्रमांक एक. वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी उद्यापासून चंद्रावर पाणी भरायला जावं.”

“मंजूर,” सगळे एका सुरात म्हणाले.

एक आजोबा दोन्ही कानांनी ठार बहिरे होते. ते शेजाऱ्याचे ओठ हलले की मंजूर म्हणत. त्यांना मी फाइलच्या पुठ्ठ्यावर ‘नामंजूर’ लिहून दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, “मंजूर.” मी कपाळाला हात लावला. आजीला मात्र इतकं हसू आलं की तिचा खुबा दुखायला लागला. तिसऱ्या दिवसापर्यंत कसेबसे सगळे नामंजूर म्हणायला लागले. मी खूश झाले आणि कॉलेजच्या अहवालात ‘ज्येष्ठांचे सक्षमीकरण’ असं लिहूनही टाकलं.

शनिवारी जीप आली. मी पाहुणी म्हणून मागं टेकून बसले. गोदामात सतरंज्या अंथरल्या होत्या, आतून चिवड्याच्या फोडणीचा वास येत होता. सचिव वाचायला लागला. विषय एक मंजूर, विषय दोन मंजूर. मग तो म्हणाला, “विषय क्रमांक तीन. टँकरचं पाणी गोदामापाशीच वाटण्यात यावं.” मी आजोबांकडं बघून पुठ्ठा वर केला.

“मंजूर,” अख्खं गोदाम म्हणालं. माझे नऊच्या नऊ म्हातारे सगळ्यांत मोठ्यानं.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तीन दिवसांची तालीम चिवड्याच्या एका वासानं खाल्ली होती, आणि सोमवार दोन दिवसांवर आला होता. मी रागानं आजीकडं बघितलं, तर ती काठी टेकत उठत होती.

“चेअरमन, ऐनवेळचा एक इषय हाय.”

सभा पंधरा मिनिटांत आटोपलेली, चेअरमन खुशीत होता. त्याच्यापुढं चहा आला होता. “बोला की मावशी,” तो म्हणाला.

आजीनं सचिवासारखा घसा खाकरला आणि अगदी त्याच्याच चालीत सुरू केलं. “इषय क्रमांक चार. गोदामापाशी वाटायच्या आदी टँकरनं रोज सकाळी वस्तीवर यावं, आन् ज्यांची लेकरं फडावर गेलीत त्यांच्या दारातलं बॅरल भरून द्यावं.”

“मंजूर,” गोदाम म्हणालं. इतक्या वर्षांची सवय ती. मी शपथेवर सांगते, बशी तोंडाला लावता लावता चेअरमनही मंजूर म्हणाला. सचिवाचा हातही सवयीचाच. त्यानं लिहून टाकलं, सर्वानुमते मंजूर.

चेअरमनची बशी मग खाली आली. “काय लिहिलंस रे?”

“सभेनं मंजूर केलं, साहेब.”

“खोड ते.”

“खोडा की,” आजी म्हणाली. “पर त्याला पुन्ना सभा लागंल. सभेला कोरम लागंल. आन् कोरम आमीच हाव.”

चेअरमननं सतरंजीवर नजर फिरवली. सगळी पांढरी डोकी. मग तो हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि म्हणाला, “च्या घ्या मावशी, गार होतोय.” आजीनं चहा घेतला आणि चिवडा पदरात बांधून घेतला.

रविवारी टँकर आला नाही. आजीनं कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं, त्याकडं मला बघवत नव्हतं. सोमवारी सकाळी ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला आणि पाठोपाठ तिच्या लेकाचा फोन. ट्रक निघालाय, तयार राहा. आजीनं फोन घेऊन बॅरलच्या तोंडाशी धरला. पाइपमधून पाणी धो धो पडत होतं. पाणी बॅरलच्या गळ्याशी येईपर्यंत ती तशीच उभी राहिली आणि मग फोनमध्ये म्हणाली, “ऐकलंस न्हवं? आता तू तुजं काम कर.” आत जाऊन तिनं गाठोडं सोडलं.

माझे इंटर्नशिपचे दिवस भरले तेव्हा मी पारावर सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, उद्या सकाळच्या गाडीनं निघते.

आजी काठीकडं बघत म्हणाली, “नामंजूर.”

बाकीचेही म्हणाले, एकेक करून. बहिऱ्या आजोबांनी शेजाऱ्याला कोपरानं ढोसून विचारलं, काय झालं. त्यानं माझ्याकडं आणि मग एसटीच्या रस्त्याकडं बोट केलं. आजोबांनी तालमीतला तो पुठ्ठा, सभेनंतर माझ्याकडून मागून घेतलेला, सदऱ्याच्या आतून काढला, माझ्यापुढं धरला आणि स्पष्ट वाचला.

दुसऱ्या दिवशी नेकनूर येईपर्यंत मी एसटीत रडत होते. कंडक्टरनं विचारलं, तिकीट हरवलं का. मी हो म्हणाले.